फवारणीची वही

आमच्या घरी द्राक्षाच्या दोन वह्या होत्या. एक ओसरीवरच्या कोनाड्यात, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. कोणत्या तारखेला कोणतं औषध, दोनशे लिटरला किती, कोणत्या प्लॉटला मारलं, हे तिच्यात लिहायचं. निर्यातीच्या बागेला ही नोंद ठेवावीच लागते. दुसरी वही खिशात मावेल एवढी, निळ्या पुठ्ठ्याची. ती विहिरीवर, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत असायची. शॉक बसेल म्हणून घरातलं दुसरं कुणी त्या पेटीला हात लावत नसे. कोणाचं किती देणं आहे, ते मी तिच्यात लिहायचो.

पहिल्या वहीत मी खोटं लिहिलं आणि दुसरी लपवली. पुढं जे झालं ते पाऊस, गारा आणि बाजार यांच्या नावावर मी बरीच वर्षं खपवलं. त्यातलं माझ्या नावावरचं किती, ते आज लिहितो आहे.

आमची बाग निफाड तालुक्यात. चार एकर, सगळी थॉमसन जातीची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते मूळचे येवल्याकडचे. 1972च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मग पाण्याच्या आशेनं मामांच्या गावी आले. वाट्यानं शेती करत करत त्यांनी इथं जमीन घेतली. पारावर कुणी त्या दुष्काळाचं कौतुक करायला लागलं, त्या दिवसांनी माणसं कशी घडवली म्हणून सांगायला लागलं, की दादा उठून चालू लागायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दुष्काळानं मला काही शिकवलं नाही. उपाशी ठेवलं." मला ते बोलणं तेव्हा कडवट वाटलं होतं.

द्राक्षाचं पीक ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. पण ऑक्टोबरनंतर जो घड बाहेर पडतो तो आधीच, उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्यात धरलेला असतो. डोळ्यात घड आहे की नुसता बाळीचा धागा, ते वरून दिसत नाही. पाच-सहा महिने माणूस अंदाजावर आणि धास्तीवर जगतो. शेंडा जोरात पळाला की घड कमी धरतो, म्हणून शेंड्याला आवर घालायला त्या काळी आम्ही सगळेच सीसीसी मारायचो. पूर्ण नाव क्लोरमेक्वॅट क्लोराईड. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

2008च्या हंगामात माझ्या बागेत घड कमी निघाले होते. सोसायटीचं कर्ज होतं, औषधाच्या दुकानाची उधारी होती आणि त्यावर मी ट्रॅक्टर घेऊन बसलो होतो. तेव्हा 2009च्या उन्हाळ्यात मी सीसीसीचा हात सैल सोडला. दादांना ते आवडायचं नाही. "वेल शेंडा काढतो तो जगायला काढतो. किती दाबशील त्याला?" असं म्हणायचे. रोज संध्याकाळी चष्मा लावून ते कोनाड्यातली वही वाचायचे. त्यांच्याशी वाद नको म्हणून मी चार बाटल्यांची नोंद केली. टाकीत सात ओतल्या. कुणा साहेबाच्या भीतीनं मी ते खोटं लिहिलं नव्हतं. संध्याकाळी वही वाचणाऱ्या बापासाठी लिहिलं होतं.

ऑक्टोबरमध्ये घड भरपूर निघाले. मला वाटलं, मी जिंकलो. 11 नोव्हेंबर 2009ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि त्याचा पाऊस आमच्याकडं पोचला. बाग फुलोऱ्यात होती. फुलोऱ्यातल्या घडात पाणी साचलं की कुज आणि गळ होते आणि पाठोपाठ डाऊनी रोग येतो. रात्रंदिवस ब्लोअर चालवून मी निम्मी बाग वाचवली. त्या औषधांसाठी गावातल्या एका माणसाकडून दोन लाख रुपये घेतले, शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजानं. महिन्याला 6,000 रुपये नुसतं व्याज. निळी वही तेव्हा सुरू झाली.

2010च्या उन्हाळ्यात काय झालं ते द्राक्षवाल्या प्रत्येकाला आठवत असेल. आपला माल युरोपात पोचला आणि तिथल्या तपासणीत सीसीसीचा अंश सापडला. त्यांची तेव्हाची मर्यादा किलोमागं 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडं निर्यातीआधी जी तपासणी व्हायची तिच्या यादीत हे रसायन नव्हतंच. कंटेनर रॉटरडॅमला अडकले, माल नाकारला गेला आणि इकडं आमचे पैसे थांबले. आमच्या निर्यातदारानं थोडे दिले, बाकीचे राहिले ते राहिलेच.

गावात सभा झाली. मी उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं बोललो. आम्हाला कुणी सांगितलं नाही, यादीत नव्हतं, आमचा काय दोष. टाळ्या पडल्या. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच तो माझ्या तोंडी वाईट होता. माझ्या द्राक्षात किती अंश निघाला ते मला कधी कुणी कळवलं नाही. पण टाकीत किती ओतलं ते मला ठाऊक होतं.

दादा सभेत शेजारीच बसले होते. परत येताना वाटेत म्हणाले, "वहीत बसत नाहीत एवढ्या बाटल्या पंपघरामागं पडल्यात."

मी म्हणालो, "जुन्या असतील."

ते पुढं काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वही वाचणं मात्र सोडलं. जानेवारी 2013मध्ये ते गेले. मधल्या अडीच वर्षांत हे त्यांना सांगायचं मी रोज ठरवू शकलो असतो. ते गेल्यावर पंपघर झाडलं तेव्हा त्या बाटल्या एका गोणीत सापडल्या. सात. गोणीचं तोंड सुतळीनं आवळून बांधलेलं, गाठ दादांच्या हातची. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून बांधल्या की कधीतरी माझ्यासमोर ठेवायच्या म्हणून, ते मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

अडचणीत माणूस शहाणा होतो असं पुष्कळ जण सांगतात. 2010 ते 2014 या चार वर्षांत माझं नेमकं उलट झालं. पैसा कमी होत गेला तसा मी लहान होत गेलो. मजुरांवर खेकसायचो. भावकीतल्या कुणाची बाग चांगली आली की पोटात दुखायचं. आणि खोटं बोलणं सोपं होत गेलं, कारण प्रत्येक खोट्याला कारण तयार असायचं की सध्या अडचण आहे.

2012च्या जूनमध्ये थोरल्या मुलीला पुण्याला बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळत होता. ती कागद घेऊन ओसरीवर आली. मी म्हणालो, "मुलीची जात. एवढ्या लांब एकटी कशाला?" दादा तेव्हा होते. ते म्हणाले, "जाऊ दे की तिला." मी आवाज चढवला. खरं कारण एकच होतं, फी भरायला पैसे नव्हते. पण बापाकडं पैसे नाहीत हे मुलीसमोर कबूल करण्यापेक्षा जुनाट विचारांचा बाप होणं मला परवडलं. तिनं तालुक्याच्या कॉलेजात बीएला नाव घातलं. माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

त्याच वर्षी बायकोच्या बचत गटातून मी तिच्या नावावर एक लाख उचलायला लावले. सांगितलं, नवं ठिबक बसवायचं आहे, पाणी वाचेल. ती गटाची अध्यक्ष होती. खुरपणीला, थिनिंगला जाणाऱ्या बायकांचे आठवड्याचे वीस-तीस रुपये साठून तो पैसा झालेला. तिनं शब्द टाकला आणि पैसे मिळाले. त्यातले 60,000 व्याजात गेले, उरलेले दुकानात.

हप्ते थकले. 2013च्या श्रावणात गटातल्या तीन बायका ओसरीवर येऊन बसल्या. मी घरात होतो, पुढं आलो नाही. ही त्यांना सांगत होती, "ठिबक बसवलंय, माल निघाला की पहिला हप्ता तुमचाच." त्यातली एक म्हणाली, "ताई, आम्ही रोज तुमच्याच बांधावरून कामाला जातो. ठिबक कुठं बसलंय?" ही म्हणाली, "चला, दाखवते."

मी मागच्या दारानं पंपघरापाशी गेलो आणि तिथून पाहिलं. चौघी बांधावरून चालत बागेत शिरल्या. ही पहिल्या ओळीत खाली बसली, बोदावरचा पालापाचोळा हातानं बाजूला केला. खाली जुन्याच नळ्या होत्या, उन्हानं तडकलेल्या, जागोजागी रबर गुंडाळलेल्या. दुसऱ्या ओळीत गेली. तिसऱ्या ओळीत गेली. मग उभी राहिली आणि हाताची माती झटकायची विसरली. त्या बायकांना ती एवढंच म्हणाली, "सोमवारी हप्ता भरते." त्यांनीही काही विचारलं नाही. कदाचित तेच तिला जास्त लागलं असेल.

पैसे तिनं भावाकडून आणले. गटाचं अध्यक्षपद आपण होऊन सोडलं. रात्री मला विचारलं, "अजून काय काय आहे?"

मी म्हणालो, "काही नाही."

आज हे लिहिताना मला सर्वांत जास्त लाज या दोन शब्दांची वाटते. बाटल्यांचं खोटं मी वादाच्या भीतीनं बोललो, पोरीशी खोटं बोललो ते अब्रूपायी. हे खोटं मी तिच्या हाताला माती लागलेली पाहिल्यानंतर बोललो.

मार्च 2014मध्ये गारपीट झाली. राज्यभर झाली ती आमच्यावरही आली. काढणीला आठवडा होता, मण्यात साखर भरली होती. दहा-बारा मिनिटांचा खेळ. थांबल्यावर बागेत गेलो तर मांडवाखाली मण्यांचा चिखल. पानं चाळण झालेली. काड्यांची साल उडून आत पांढरं दिसत होतं, म्हणजे पुढच्या सालाचीही आशा कमी. दुसऱ्या दिवशी फुटलेल्या मण्यांना आंबूस वास सुटला आणि माश्या घोंगावू लागल्या. तो वास माझ्या नाकातून पुढं कित्येक महिने गेला नाही. तलाठी आले, पंचनामा झाला.

तिसऱ्या दिवशी रात्री मी विहिरीवर गेलो. मोटार चालू करायला नव्हे आणि वही आणायलाही नव्हे. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. किती वेळ बसलो माहीत नाही. मागून बॅटरीचा उजेड आला. ही होती. जवळ येऊन उभी राहिली, रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "घरी चला. आणि ती वही घ्या बरोबर."

"कसली वही?"

"पेटीतली. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. तुम्ही दिवसातून दोनदा पेटी उघडता. मला कळत नाही का?"

आम्ही घरी आलो. पोरं जागी होती. तिनं कोनाड्यातली फवारणीची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर रेघ मारली आणि म्हणाली, "वाचा." मी वाचलं. सोसायटी 2,60,000. ट्रॅक्टरचे राहिलेले 2,90,000. गावातला माणूस, मुद्दल 2,00,000 आणि थकलेलं व्याज 1,10,000. दुकान 1,95,000. बचत गट 85,000. प्रत्येक आकड्याला घसा दाटायचा. ती मान वर न करता लिहीत होती. बेरीज झाली 11,40,000.

मी चकित झालो. माझ्या मनात 15-16 लाख होते. निळ्या वहीत मी चार वर्षं आकडे लिहीत आलो होतो, पण बेरीज एकदाही केली नव्हती. करायचं धाडसच झालं नव्हतं. ज्या आकड्याला भिऊन मी विहिरीवर गेलो होतो तो आकडा खराही नव्हता.

थोरली दाराला टेकून उभी होती. तिनं वर्षं मोजली असावीत. म्हणाली, "म्हणजे तेव्हा पैसे नव्हते?" मी मान हलवली. "मग तसं सांगायचं ना, पप्पा. मी एक वर्ष थांबले असते." आणि ती आत जाऊन रडली. एवढ्या सगळ्यात ती रात्री रडली ती यासाठी.

पुढची दोन वर्षं हिनं हिशेब हातात घेतला. गट चालवल्यामुळं तिला जे कळत होतं ते मला शेतकरी असून कळत नव्हतं. ट्रॅक्टर विकायचा हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवलं. मला ते मरणाहून वाईट वाटलं, गाव काय म्हणेल. तिनं विचारलं, "गाव हप्ता भरतं का?" ट्रॅक्टरचे 3,40,000 आले, फायनान्सवाल्याचं देणं फिटून 50,000 उरले. स्वतःच्या पाटल्या तिनं स्वतः मोडल्या. त्यातून आधी बचत गट. मी म्हणालो, आधी तीन रुपये शेकड्याचं फेडू, व्याज जास्त आहे. हिशेबानं माझंच बरोबर होतं. ती म्हणाली, "तो माणूस पैसेवाला आहे. त्या बायका नाहीत." गटाचे पैसे ती बैठकीत सगळ्यांसमोर भरायला गेली आणि मलाही घेऊन गेली. ठिबकाचं मी खोटं सांगितलं होतं, हे तिथं मी माझ्या तोंडानं बोललो. अकरा बायका होत्या. कुणी काही म्हणालं नाही. एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

गावातल्या त्या माणसाशी दोन वडीलधाऱ्यांसमोर बसून व्याज थांबवून घेतलं. नैसर्गिक आपत्तीमुळं सोसायटीच्या कर्जाचे हप्ते पाडून मिळाले. गारांनी सोललेली एक एकर बाग मी कुऱ्हाडीनं काढली आणि तिथं टोमॅटो लावला. ती बाग दादांच्या हातची होती. वेलीला काय हवं ते कळायला देठ परीक्षण करून घ्यायला लागलो आणि घाबरून टाकायची खतं-औषधं कमी झाली. खर्च उतरला. शेवटचं देणं 2018च्या मार्चमध्ये फिटलं. थोरलीनं बीए झाल्यावर नाशिकला नर्सिंगच्याच जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आज ती परिचारिका आहे, आनंदात आहे. पण तिची तीन वर्षं गेली ती गेलीच. ती मी घेतली, गारांनी नाही.

नातेवाईक म्हणतात, गारपीट झाली म्हणून तू सुधारलास. मला हे ऐकवत नाही. गारपिटीनं माझा माल नेला, बस. ती रात्र कशीही संपू शकली असती. कुणी तरी बॅटरी घेऊन मागं आलं आणि त्या माणसाला मी चार वर्षं फसवत होतो, एवढंच मला त्या रात्रीबद्दल सांगता येतं. दादांचं दुष्काळाबद्दलचं बोलणं आता मला कडवट वाटत नाही.

सुधारलो म्हणावं तर त्याचीही किंमत द्यावी लागली आणि ती द्यायला मी प्रत्येक वेळी खुशीनं तयार नसायचो. 2017च्या हंगामात धाकट्या मुलानं एका प्लॉटवर एक बुरशीनाशक उशिरा मारलं. काढणीच्या आधी जेवढे दिवस मोकळे सोडायचे असतात त्यात पाच दिवस कमी पडत होते. तो म्हणाला, "पप्पा, तारीख पाच दिवस मागं टाकू. कोणाला कळतंय?" मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. मला मोह झाला, हे लपवत नाही. मग होती तीच तारीख लिहिली. तो प्लॉट निर्यातीला गेला नाही, बाजारात किलोला 30 रुपये कमी मिळाले. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला सात बाटल्यांचं सांगितलं. आजोबांना जे सांगायचं राहिलं ते नातवाला सांगितलं.

2019च्या ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जो पाऊस झाला त्यात आमची लवकर छाटलेली बाग पूर्ण गेली. त्या पट्ट्यातल्या कित्येकांची गेली. खर्च 2,10,000 झाला होता, तो त्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला माहीत होता. रडू आलं तेव्हा ओसरीवर सगळ्यांसमोर रडलो. रात्री झोप लागली. सकाळी उठून धाकट्याबरोबर उरलेल्या बागेला फवारणी केली.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातला एक तरुण आला होता. तिशीचा असेल. भुरीला काय मारावं, एवढंच विचारायला आला होता. पण त्यासाठी कुणी बारा किलोमीटर येत नाही, ते दुकानदारही सांगतो. बोलताना त्याचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडं जायचा. मी औषधाचं नाव सांगितलं. मग विचारलं, "किती आहे?"

"काय?"

"देणं."

"फार नाही, काका. होईल ते."

मी उठलो, कपाटातून निळी वही आणली आणि त्याच्या हातात दिली. पानांवर अजून ग्रीसचे डाग आहेत. त्यानं पानं उलटली. एका पानावर बराच वेळ थांबला. मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "बावीस."

"हजार?"

"लाख."

"घरी माहीत आहे?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आतून ही बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, कोनाड्यातली वही काढली, कोरं पान उघडून रेघ मारली आणि त्याला विचारलं, "कोणाचे किती, ते एकेक सांगा. आणि तुमच्या मंडळींचा फोन नंबर द्या."